सड्यावरची माती हलवण्याआधी

प्रति,
सरपंच, उपसरपंच, सर्व पंच, पंचायत सचिव,
आणि ग्रामसभेला येणारे व न येणारे आमचे सगळे गावकरी,

सप्रेम नमस्कार.

मागच्या ग्रामसभेत शेवटच्या दहा मिनिटांत, लोक खुर्च्या सरकवायला लागले होते तेव्हा, सड्यावरच्या, म्हणजे वरच्या खडकाळ पठारावरच्या, बंद कारखान्याच्या जागेचा विषय आला आणि गेला. जागा जेसीबीने सपाट करायची, तिथे मुलांसाठी मैदान करायचे आणि निघेल ती माती खालच्या वाड्याच्या रस्त्याला भराव म्हणून टाकायची, असे ठरले. मी हात वर केला. उत्तर म्हणून एक कागद वाचून दाखवला गेला : पाणी तपासून घेतले आहे, पिण्यास योग्य आहे. विषय संपला, चहा आला.

तो कागद मी दुसऱ्या दिवशी सचिवांकडून मागून घेतला. त्यांनी लगेच झेरॉक्स दिली, त्याबद्दल आभार. कागदावर नऊ रकाने आहेत : रंग, वास, गढूळपणा, सामू, विरघळलेले क्षार, कठीणपणा, क्लोराइड, लोह, कोलिफॉर्म. सामू सोडला तर सगळे मर्यादेत. सामू कमी आहे त्याची काळजी नको, चिऱ्यातल्या (जांभ्या दगडातल्या) विहिरीचे पाणी आपल्याकडे गोव्यात असते तसे जरा आंबटच असते. पण क्रोमियमचा रकाना त्यात नाही. निकेल नाही, सायनाइड नाही, ग्रीस काढायला वापरतात त्या द्रावकांपैकी एकही नाही. ज्या जागेवर कित्येक वर्षे क्रोम-निकेल प्लेटिंग, म्हणजे धातूच्या वस्तूंना मुलामा देण्याचे काम, चालले, तिच्या पायथ्याचे पाणी तपासताना क्रोमियम शोधलेच गेले नाही. तपासणाऱ्याला मी दोष देत नाही. त्याला जे सांगितले ते त्याने तपासले. नेहमीची पिण्याच्या पाण्याची तपासणी सांगितली, ती झाली. ताप मोजला, रक्तदाब मोजला आणि माणूस ठणठणीत आहे म्हणून घरी पाठवला. त्याने छातीत दुखते म्हणून सांगितले होते ते मात्र कोणी लिहूनच घेतले नाही.

आणि कागदावरची तारीख ऑगस्टची आहे. तिच्याकडे पुढे येतो.

गावाचे नाव या पत्रात मी मुद्दाम लिहिलेले नाही. आपल्यातल्याच दोघांनी तशी विनंती केली. एकाची जमीन विकायची आहे, एकीच्या मुलीचे जमवायचे आहे. 'त्या गावचे पाणी' अशी ओळख एकदा चिकटली की पुसायला पिढी जाते, हे त्यांचे म्हणणे मला पटते. कारखान्याचेही नाव घेत नाही. तो कोणाचा होता ते आपल्याला ठाऊक आहे, आणि ज्यांना ठाऊक नाही त्यांना त्या नावाने काही फरक पडणार नाही.

मी औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत अठ्ठावीस वर्षे काढली. पाण्याच्या बाटल्या भरणे, लेबले लावणे, आकडे लिहिणे हेच काम. त्यामुळे एप्रिलमध्ये आमच्या विहिरीचे पाणी पांढऱ्या चिनीमातीच्या ताटलीत ओतले तेव्हा सवयीने आधी त्याचा रंग पाहिला. फिकट पिवळा. इतका फिकट की स्टीलच्या पेल्यात कधीच दिसला नसता. आधी वाटले, लोह असेल. आपल्या भागात लोहाचे पाणी कोणाला नवे? पण लोहाचे पाणी काढताना स्वच्छ असते आणि ठेवल्यावर तांबूस होते, तळाशी गंजाचा साका बसतो. हे पाणी पोहऱ्यातून आले तेव्हापासूनच पिवळे होते, दुसऱ्या दिवशीही तितकेच पिवळे आणि तळाशी काही नाही.

जुन्या कामावरच्या एका सहकाऱ्याकडून मी डायफेनिलकार्बाझाइड आणले. हे काही गुप्त रसायन नाही, क्रोमियमच्या तपासणीत सगळीकडे वापरतात. परीक्षानळीत पाणी घेतले, सल्फ्युरिक आम्लाचे थेंब टाकले, मग ते द्रावण. शेजारच्या नळीत नळाचे पाणी, त्यालाही तेच. पाच-सात मिनिटे बाल्कांवावर, घरापुढच्या ओट्यावर, ठेवून बसलो. नळाच्या पाण्याची नळी होती तशी राहिली. विहिरीच्या पाण्याची आधी गुलाबी झाली, मग जांभळटाकडे गेली. पिकलेल्या जांभळाचा रस पाण्यात पडावा तसा रंग. मागून बायको म्हणाली, "किती सुंदर दिसते." खरेच सुंदर दिसत होते.

हा पुरावा नव्हे, हे मीच सांगतो. घरच्या नळीतल्या रंगावरून आकडा निघत नाही, कोर्टात तो टिकत नाही, आणि माझ्या हातून चूकही झाली असेल. पण त्या नळीने एवढे सांगितले की षट्संयोजी क्रोमियम शोधायला हवे. पंचायतीच्या कागदाने तेवढेही सांगितलेले नाही.

क्रोमियम दोन तऱ्हांचे असते, हे थोडे सांगावे लागेल. त्रिसंयोजी मातीला धरून बसते, पाण्यात फारसे येत नाही, त्रासही कमी देते. प्लेटिंगच्या टाकीत असते ते षट्संयोजी. ते पाण्यात विरघळते, पाण्याबरोबर चालते, आणि कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत पहिल्या गटात बसते. या कारखान्यातल्या टाकीवर काम केलेला आपला एक माणूस अजून हयात आहे. त्याच्या नाकातल्या पडद्याला भोक आहे. लहानपणी आम्ही हसायचो, कारण तो शीळ घालायला लागला की आवाज दोन ठिकाणांहून यायचा. क्रोमिक आम्लाच्या वाफेत वर्षानुवर्षे उभे राहणाऱ्यांना हे होते, हे मला पुढे नोकरीत पुस्तकातून कळले. कारखान्यातल्या कोणी त्याला ते सांगितले नव्हते.

आता एक हिशेब मांडतो, मग तुम्ही ठरवा. क्रोम प्लेटिंगच्या नेहमीच्या टाकीत एका लिटरमागे साधारण २५० ग्रॅम क्रोमिक आम्ल असते. त्यातले शुद्ध क्रोमियम १३० ग्रॅम. आपल्या देशाच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. भागाकार केला तर एक लिटर द्राव २६ लाख लिटर पाणी मर्यादेपर्यंत आणून ठेवतो. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी धरले तर ते होते २८ हजार लिटर. म्हणजे अशा नव्वदेक विहिरी, एका लिटरला. टाकीतून काढलेल्या प्रत्येक नळीवरून, हँडलवरून, छत्रीच्या काडीवरून थेंब गळतात, धुण्याच्या पाण्यात जातात, आणि ते पाणी जिथे सोडले तिथे जाते. मला आठवते तसे ते मागच्या चिऱ्याच्या खाणीत सोडत. पाण्याला डोळ्याला दिसेल इतका पिवळा रंग यायलाच लिटरला मिलिग्रॅमभर क्रोमियम लागते, म्हणजे मर्यादेच्या वीसपट. त्यामुळे 'पाणी तर स्वच्छ दिसते' हे ग्रामसभेत तीनदा ऐकलेले वाक्य कृपा करून पुन्हा कोणी म्हणू नये.

चिऱ्याच्या खाणीत सोडत, हा शब्द नीट वाचा. आपला सडा वरून टणक दिसतो. ते कवच आहे, खाली चिरा स्पंजासारखा सच्छिद्र, पोकळ्या-नळ्यांनी भरलेला. कवच होते तोवर थोडा तरी अटकाव होता. चिरे काढणाऱ्यांनी तेच उचलून घरे बांधली, माझ्या घराच्या भिंतीतही तिथलेच चिरे असतील. राहिलेला खड्डा म्हणजे वरून ओतलेले सरळ आत जाणारे नरसाळे. चिऱ्याच्या खाली शेडी लागते, म्हणजे चिकणमातीचा थर; ती पाणी पुढे जाऊ देत नाही. मग पाणी शेडीच्या माथ्यावरून उतार धरून सरकते आणि जिथे डोंगराचा पाय सुटतो तिथे झर होऊन बाहेर येते. आपली कुळागरे, म्हणजे सुपारीच्या बागा, त्याच झरीवर आहेत. देवळाची तळी त्याच रांगेत आहे. पाट काढणाऱ्या पूर्वजांना भूजलशास्त्र कोणी शिकवले नव्हते, पण पाणी कुठून येते हे त्यांना बरोबर ठाऊक होते. आता तेच ज्ञान उलटे लावायचे आहे : जे वर पडले ते कुठे उतरणार.

ऑगस्टकडे येतो. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, बहुतेक सगळा चार महिन्यांत. ऑगस्टमध्ये विहीर काठोकाठ असते, आणि त्या पाण्यात जे काही असेल ते पातळ झालेले असते. भर पावसात एक बाटली भरून जमिनीचा निकाल देणे म्हणजे भरल्या तळीत कोकमाचा थेंब टाकून रंग शोधणे. एप्रिल-मे अखेरीस पाणी तळाशी जाते तेव्हा एक नमुना हवा. जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसानंतर एक हवा, कारण आठ महिने कोरड्या मातीत बसलेले तेव्हा धुऊन खाली येते. आणि पाऊस थांबल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आणखी एक. तीन ऋतूंचे तीन कागद समोर आल्याशिवाय 'योग्य' हा शब्द कोणी लिहू नये, मग तो लिहिणारा मी असलो तरी.

पण मुख्य प्रश्न विहिरीचा नाही, मातीचा आहे. विहीर लक्षण सांगते. दुखणे सड्यावर आहे, खाणीत आहे, शेडच्या फरशीखाली आहे. मातीची चौकशी कशी होते, ते मला जितके कळते तितके सांगतो, कारण पुढे कोणी येऊन दोन पिशव्या भरून गेला तर ती चौकशी झाली असे समजून आपण गप्प बसू नये.

पहिल्यांदा नकाशा लागतो. टाक्या कुठे होत्या, नाली कोणत्या बाजूने होती, पिंपे कुठे ठेवत, खाण कुठे, गाळ कुठे पुरला. मग त्या ठिकाणी दाट आणि इतरत्र विरळ असे खड्डे घ्यायचे. प्रत्येक ठिकाणी वरची माती वेगळी, अर्ध्या मीटरवरची वेगळी, एक मीटरवरची वेगळी, असे करत शेडीपर्यंत. ही प्रत्येक पिशवी वेगळी ठेवायची. सगळ्यात सोपी फसवणूक इथेच होते, आणि बहुतेक वेळा ती जाणूनबुजून नसते, आळसाने असते. दहा ठिकाणची माती एका पोत्यात घालून ढवळली आणि एक नमुना पाठवला की जिथे विष आहे तो एक खड्डा बाकी नऊ स्वच्छ खड्ड्यांत बुडून जातो. सरासरी छान येते. मुलगा फुटबॉल खेळताना सरासरीवर पडत नाही, त्याच खड्ड्यावर पडतो.

दुसरी फसवणूक सभ्य भाषेत येईल, म्हणून आधीच सांगून ठेवतो. 'जांभ्या मातीत क्रोमियम नैसर्गिकच असते.' हे खरे आहे. चिऱ्यात लोहाबरोबर थोडे क्रोमियम असतेच. म्हणूनच कारखान्यापासून दूर, चढाच्या बाजूला, कोणीही हात न लावलेल्या सड्यावरची तशीच माती घेऊन तिचाही आकडा काढायला हवा. मातीचे मूळचे क्रोमियम आणि बाहेरून आलेले विष यांतला फरक त्याशिवाय कळणार नाही. शिवाय मातीत एकूण क्रोमियम किती याबरोबर षट्संयोजी किती, आणि पाणी लावल्यावर मातीतून किती सुटते, हेही मागायला हवे. नैसर्गिक क्रोमियम सहसा दगडाला घट्ट धरलेले असते. टाकीतले तसे नसते.

इथे एक चांगली बातमीही आहे, ती लपवत नाही. आंबट मातीत लोहाच्या कणांवर हे क्रोमियम काही प्रमाणात चिकटून राहते, आणि कुळागरात कुजलेल्या पानापातेऱ्यामुळे षट्संयोजीचे त्रिसंयोजी होऊन तिथेच बसते. म्हणजे खालच्या शेतांत कदाचित काहीच पोहोचलेले नसेल. मी मनापासून तशी आशा करतो. पण याच कारणाने कोणी हौसेने तिथे चुना टाकू नये. मातीचा आंबटपणा गेला की चिकटलेले क्रोमियम पुन्हा सुटते. 'चुना मारला की सगळे मरते' हा आपला जुना विश्वास इथे उलटा पडेल.

पाण्यासाठी निदान तीन निरीक्षण विंधणे, म्हणजे पाणी पाहण्यापुरती बोअर, हवीत, त्रिकोणात. तीन ठिकाणी पाण्याची पातळी एकाच खुणेपासून मोजली की पाणी कोणत्या दिशेला झुकते ते कळते. दोनांवरून कळत नाही. चढाच्या बाजूला एक, उताराच्या बाजूला जास्त. विहीर मात्र उघडी असते, तिच्यातले पाणी साचलेले असते, वरून पडलेले काहीही त्यात असते, त्यामुळे फक्त विहिरीवर भिस्त ठेवता येत नाही. विंधण पाडणाऱ्याला एक ताकीद हवी : शेडी भेदून खाली गेला तर भोवतालची जागा बेंटोनाइटने, म्हणजे पाण्यात फुगणाऱ्या चिकणमातीने, बंद करायची. नाहीतर वरचे घाण पाणी खालच्या चांगल्या पाण्यात आपणच नळी लावून सोडल्यासारखे होईल.

आणि द्रावक. प्लेटिंगआधी धातूवरचे ग्रीस काढायला ट्रायक्लोरोएथिलीन वापरतात. ते पाण्यापेक्षा जवळजवळ दीडपट जड. पाण्यावर तरंगत नाही, तळाला जाते, शेडीवर पोहोचते आणि मग शेडीचा उतार जिकडे तिकडे सरकते, पाणी दुसरीकडे वाहत असले तरी. २०२४च्या पावसाळ्यात दाबोळीजवळच्या माटवेमळात विहिरींत पेट्रोलियम आले तेव्हा ते पाण्यावर तरंगत होते, वास येत होता, एका विहिरीला आगही लागली. ते संकट निदान ओरडून तरी आले. आपल्या सड्याखाली जे असेल ते तळाशी गप्प बसलेले असेल. त्याचा नमुना घेताना बाटली काठोकाठ, हवेचा बुडबुडाही न ठेवता भरावी लागते, नाहीतर ते प्रयोगशाळेत पोहोचण्याआधी उडून जाते आणि कागदावर 'आढळले नाही' येते. धातू तपासायच्या बाटलीत नायट्रिक आम्ल घालून आणायचे. षट्संयोजी क्रोमियमच्या बाटलीत ते घालायचे नाही, ती थंड ठेवून चोवीस तासांत तपासायची. एकाच बाटलीत सगळे होत नाही. उद्या कोणी बिसलेरीच्या रिकाम्या बाटलीत आपले पाणी भरायला आला तर त्याला चहा द्या आणि परत पाठवा.

हे सगळे महाग आहे, मला ठाऊक आहे. पंचायतीने आपल्या पैशाने करावे असे माझे म्हणणेच नाही. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. त्यानुसार जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित जागांची माहिती द्यायची. त्यावर ९० दिवसांत प्राथमिक तपासणी, पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर. जबाबदार कोण ते ९० दिवसांत ठरवायचे. खर्च त्याच्याकडून घ्यायचा, आणि तो सापडला नाही किंवा त्याची ऐपत नसली तर केंद्र आणि राज्याने उचलायचा. जागा दूषित ठरली तर ती जाहीर करायची आणि तिथे लोकांना जाण्यावर बंधन घालायचे. आपण मात्र तिथे मैदान करून मुलांना बोलावतो आहोत.

(जाता जाता : याच नियमांतून खाणकाम आणि कचऱ्याचे डोंगर वगळले आहेत, त्यांना वेगळे कायदे आहेत म्हणून. गोव्याचे दूषित जमिनीचे दुखणे बहुतेक याच दोन खात्यांत आहे. डिचोलीतल्या खाणींच्या गाळाखाली गेलेली शेते आणि मडगावचा सोनसोडो या नियमांच्या दारात उभे राहू शकत नाहीत. आपला सडा उभा राहू शकतो. इतर गावांना जे नाही ते आपल्याला मिळाले आहे, तर निदान अर्ज तरी करूया.)

अर्ज कोणी करायचा? पंचायतीने जिल्हाधिकाऱ्यांकडे, ठरावासकट. त्याबरोबर माहिती हक्काखाली त्या कारखान्याचे जुने संमतीपत्र, किती सांडपाणी कुठे सोडायची परवानगी होती, घातक कचरा कुठे दिला त्याच्या नोंदी मागाव्या. १९७४च्या पाणी प्रदूषण कायद्याने ही संमती लागतेच, म्हणजे कुठेतरी फाइल असणार. गोव्याने देशाच्या आधी, १९९७ मध्ये, स्वतःचा माहिती हक्काचा कायदा केला होता. त्या गोव्यातल्या लोकांना अर्ज लिहायला लाज वाटू नये.

वेळ लागेल, हेही सांगतो. राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी नावाचे गाव आहे. १९८०च्या दशकाच्या शेवटी तिथल्या रसायन कारखान्यांचा गाळ उघड्यावर पडला, पावसाने तो जमिनीत गेला आणि विहिरींच्या पाण्याचा रंग बदलला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ज्याने घाण केली त्यानेच ती निस्तरायची, असा निकाल दिला. पुस्तकात शिकवतात तो निकाल. त्यानंतरही पैसे भरले गेले नाहीत, आणि २०११ मध्ये न्यायालयाला चक्रवाढ व्याजासकट वसुलीचा आदेश द्यावा लागला. कोडाईकनालचा थर्मामीटरचा कारखाना २००१ मध्ये बंद पडला, पाऱ्याची माती किती साफ करायची यावर पुढे कित्येक वर्षे भांडण चालले. ही दोन्ही गावे हे सगळे करू शकली, कारण माती जागेवर होती. आपण ती रस्त्याच्या भरावात घालून वाड्यावाड्यात वाटली तर उद्या कोणत्या जागेची चौकशी मागणार? जेसीबीचा एक दिवस आणि डंपरच्या वीस फेऱ्या झाल्या की एका खाणीतले दुखणे अख्ख्या गावाचे होते, आणि धनीही गाव होतो.

मैदानाला माझा विरोध आहे, असे कोणीतरी मागच्या रविवारपासून सांगत फिरते आहे. मला दोन नातू आहेत. दोघांनाही फुटबॉलचे वेड. मैदान हवे. देवळामागची कोमुनिदादीची (गावकऱ्यांच्या जुन्या सामाईक संस्थेची) जागा रिकामी आहे, तिच्यासाठी अर्ज करा, पहिली सही माझी.

चौकशी होईपर्यंत काय, हे विचारायला चार जण घरी येऊन गेले, त्यांना सांगितले ते इथेही लिहितो. सड्याच्या उताराखालच्या सहा-सात विहिरींचे पाणी पिण्याला आणि स्वयंपाकाला वापरू नका, नळाचे वापरा. उकळून घेतले म्हणजे झाले, असे समजू नका. उकळल्याने जंतू मरतात, धातू मरत नाहीत; पाणी आटते तसे ते दाट होतात. मेणबत्तीच्या फिल्टरनेही जात नाहीत. नळ आठवड्यातून चार दिवस येतो हे मला ठाऊक आहे, म्हणून चौकशी होईस्तोवर त्या घरांना टँकर देण्याचा ठराव आधी घ्या.

आणि टँकरवरून आठवले. आपल्याच गावातली एक विहीर दर हंगामात टँकर भरून किनाऱ्याकडे पाणी पाठवते. ती विहीर सड्याच्या उताराखाली आहे. ते पाणी कोणत्या हॉटेलात कोण पितो, आपल्याला ठाऊक नाही. शिवाय तिथल्या दोन पंपांनी आणि वर नव्याने झालेल्या बंगल्यांच्या बोअरवेलने एवढे पाणी ओढले जाते की सड्याखालचे पाणी आपली वाट बदलून तिकडे खेचले जात असेल. बोअर मारायला २००२च्या गोवा भूजल कायद्याखाली परवानगी लागते. त्या परवानग्या आहेत का, एवढे पंचायतीने विचारले तरी चौकशी करणाऱ्यांना अर्धा नकाशा मिळेल.

आता माझ्याकडचा नकाशा. मी तो काढून ठेवला आहे, बाल्कांवावरच्या टेबलावर, वहीच्या चार पानांना चिकटपट्टी लावून. शेड आहे, फाटक आहे, चढावरची आंब्याची झाडे आहेत, सात विहिरी आहेत, तळी, झर, पाट. खाणही आहे. पण खाणीच्या आत गाळाचा खड्डा नेमका कुठे होता, तो एक की दोन, शेवटच्या वर्षी पिंपे कुठे गेली, ते मला माहीत नाही. मी तेव्हा फोंड्याला नोकरीला होतो. ते माहीत असलेले आपल्या गावात निदान आठ-नऊ जण आहेत. त्यांनी तिथे काम केले, पगार घेतला, मुले शिकवली, आणि आज त्यांना भीती वाटते की बोललो तर आपल्यावरच येईल. नियम कामगाराला शोधत नाहीत, मालकाला शोधतात. तुमचे नाव मी कुठे लिहिणार नाही.

पुढची ग्रामसभा रविवारी साडेदहाला आहे. त्याआधी नऊपर्यंत मी घरीच असतो. पेन्सिल नकाशाजवळच ठेवली आहे.

आपला,
खालच्या वाड्यावरचा एक निवृत्त केमिस्ट